बर्फ नको, पाणी नको

गुरुवार, २२ ऑगस्ट १९९६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. ही वेळ वहिनींनी सांगितलेली आहे. रांग थांबली तेव्हा त्यांनी दादांचे मनगट हातात घेऊन घड्याळ पाहिले होते. पाहत असतानाच काचेवर पडलेला एक थेंब ओघळला नाही. तो पांढरा होऊन तिथेच राहिला. म्हणून वेळ त्यांच्या लक्षात राहिली. त्या वेळी ते दोघे हिमालयात, एका उंच गुहेच्या खालच्या चढावर, यात्रेकरूंच्या रांगेत उघड्यावर उभे होते.

मी भिवंडीत होतो, बर्फाच्या कारखान्यात. वीज गेली होती. आमच्या गावात वीज गेल्याचे आधी कानाला कळते. चहूकडचे यंत्रमाग एकाएकी थांबतात आणि आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे ध्यानात येते. बाहेर पाऊस होता. मी कॉम्प्रेसरजवळच्या स्टुलावर बसून वीज येण्याची वाट पाहत होतो. छपराचे पाणी पिंपात पडत होते. रक्ताच्या माणसावर संकट आले की दूरवर असूनही आत काहीतरी हलते, असे लोक सांगतात. मला काहीही जाणवले नाही. वीज आली, मी उठलो आणि यंत्र सुरू केले.

दादा माझे थोरले बंधू. माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. वडील लवकर गेले, तेव्हा माझे शिक्षण त्यांनीच केले. त्यांना मूलबाळ नव्हते. घर एकच होते. पुढच्या खोल्या त्यांच्या, मागच्या आमच्या, आणि मध्ये सामाईक अंगण. मी यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा घेतला आणि बर्फाच्या कारखान्यात फोरमन झालो. आळीत दादांना सर म्हणत. मला बर्फवाले म्हणत. दोन्ही नावे योग्य होती.

दादांचा एक नेम होता. दर अमावास्येला ते वज्रेश्वरीला जात. ऐंशीच्या दशकात पुष्कळदा मीही त्यांच्याबरोबर गेलो आहे. पहाटेची एसटी, मग कुंड. तिथले पाणी जमिनीतूनच कढत येते. दादा पंचा नेसून कुंडात उतरत, गळ्यापर्यंत बसत आणि त्वचा लाल झाल्यावरच बाहेर येत. मग अंग न पुसता, त्याच ओल्या पंच्याने, देवीच्या पायऱ्या चढत. याला ओलेत्याने दर्शन म्हणतात. ओले वस्त्र सोवळ्यात मोडते. डिसेंबरच्या थंडीतही मी त्यांना तसे जाताना पाहिले आहे. अंगातून वाफ निघत असे. कुंडाची ऊब हाडांपर्यंत पोहोचलेली असते, त्यामुळे पायऱ्या संपेपर्यंत ओल्या कापडाची जाणीवही होत नाही. जन्मभर हेच केल्याने, ओले कापड आणि ऊब या दोन गोष्टी दादांच्या मनात एकत्र बसल्या होत्या. ही चूक आमच्याच भागातला माणूस करू शकतो. जिथे नदी थंड आहे तिथला माणूस करणार नाही.

माझे शिक्षण उलटे झाले. कारखान्यात रुजू झालो त्याच्या पुढच्याच वर्षी एक कामगार मिठाच्या पाण्याच्या टाकीत घसरला. त्या पाण्यातच बर्फाचे डबे बुडवून ठेवतात. साधे पाणी गोठेल त्याहूनही ते थंड असते. त्याला लगेच बाहेर काढले. तो हसला आणि ओल्याच कपड्यांनी पुन्हा थंड खोलीत लाद्या रचायला गेला. थोड्या वेळाने त्याचे कुडकुडणे थांबले. मला वाटले, सावरला. मग तो शर्टाची बटणे काढू लागला. आमचे जुने यंत्रचालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, ते धावत आले.

"पहले कपडा उतारो इसका, बात बाद में करो!"

"अरे, तो स्वतःच काढतोय," मी म्हणालो.

"वोही तो बुरा है साहब. गरमी लग रही है उसको."

त्यांनी त्याला पूर्ण कोरडे केले, कोरड्या गोणपाटात गुंडाळले आणि भुशाच्या ढिगात मानेपर्यंत पुरले. तो वाचला. त्या दिवसापासून कारखान्यात नियम झाला की ओल्या अंगाने थंड खोलीत कोणी जायचे नाही. तो नियम मी निवृत्त होईपर्यंत कोणालाही मोडू दिला नाही.

म्हणून, यात्रेची बस धामणकर नाक्यावरून निघाली तेव्हा मी वडिलांची धाबळी घेऊन गेलो. धाबळी म्हणजे पूजेला नेसायचे लोकरीचे वस्त्र. ते कशाने विटाळत नाही, आणि ते नेसायला आधी स्नान लागतेच असेही नाही. सोवळ्याच्या दृष्टीने ओले वस्त्र आणि धाबळी यांत फरक नाही. हे मला दादांनीच लहानपणी सांगितले होते.

नाक्यावर रिक्षांची आणि कापडाच्या ताग्यांच्या हातगाड्यांची खिचडी झाली होती. आळीतली मंडळी बसमध्ये चढत होती. दादा खिडकीशी बसले होते.

"हे काय?" त्यांनी विचारले.

"धाबळी. वर नेसा."

"अरे, ऑगस्ट आहे. घामोळे येईल मला."

"तिथे ऑगस्ट नसतो. अंग भिजवू नका. ओलेत्याने जाऊ नका."

दादा मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलेत? रविवारी आंघोळीआधी चहा पिणारा हा मनुष्य मला सोवळे शिकवतो आहे. बर्फवाल्याला सगळे जग गारठलेलेच दिसायचे!"

बस हसली. वहिनींनी हात बाहेर काढून धाबळी घेतली.

"द्या इकडे, भावजी. हे नाही नेसले तर मी नेसेन. तुम्ही वस्तू देता ती नोटीस दिल्यासारखी. परत करायची सोयच नसते."

बस सुटली. दादांनी खिडकीतून माझ्या दिशेने कुडकुडण्याची नक्कल केली. दोन्ही हात काखेत, दात वाजवत. जिवंतपणी मी त्यांना शेवटचे पाहिले ते असे. हे दृश्य मला विसरता आलेले नाही.

ते वादळ का आले, हे मी नंतर जमेल तिथून वाचले. दोन वारे समोरासमोर आले होते. एक आपला पावसाळी, दमट. दुसरा पश्चिमेकडून आलेला, थंड. दमट हवा डोंगरावर चढली, निवली, आणि जे भिवंडीत पाणी म्हणून पडत होते ते तिथे बर्फ म्हणून पडले. ऑगस्टात तितक्या उंचीवर बर्फ अगदीच अशक्य नसतो. तरीही त्याची अपेक्षा कोणी केलेली नव्हती. त्या वर्षी माणसे नेहमीपेक्षा फार होती. वाट एका घोड्याच्या रुंदीची आणि तीवर वर जाणारे व खाली येणारे दोघेही. तंबू होते त्याहून माणसे अधिक. आणि अंगावर सुती कापड. ही कारणे मी ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने मला कळत गेली. शेवटचे मला आधीपासून ठाऊक होते.

शुक्रवारी टीव्हीवर बातमी आली. शनिवारी आळीतल्या दोन घरी फोन आले की आमची माणसे खाली उतरली, सुखरूप आहेत. ती मंडळी गुरुवारी पहाटेच दर्शन करून दुपारपूर्वी परत फिरली होती. दादा आणि वहिनी मागे राहिले होते. माझी पत्नी देवापुढे बसून होती. मी कारखान्यात जात होतो, कारण घरी फोन नव्हता आणि तिथे होता.

रविवारी फोन आला. लाइनवर खरखर होती.

"भावजी?"

"बोला वहिनी."

"मी आहे. हे नाहीत."

त्या रडत नव्हत्या. मागे कोणीतरी हिंदीत नावे पुकारत होते.

"यांना विमानाने पाठवतायत. मला डॉक्टर अजून सोडत नाहीत. पाय सुजलेत. मी मागाहून गाडीने येईन. मी येईपर्यंत न्यायचे नाही."

"नाही नेणार."

"आणि ऐका. त्यांना बर्फ लावू नका. पाणी घालू नका. एक थेंब नको. तुम्ही शब्द द्या."

"वहिनी, स्नान तर घालावेच लागते. तो विधी…"

"भावजी, शब्द द्या."

मी शब्द दिला. फोन ठेवल्यावर पाहिले तर चाचा दारात उभे होते. त्यांना सगळे समजले असावे. ते पुन्हा यंत्राकडे गेले.

वर काय घडले ते वहिनींनी मला एकदाच सांगितले, बाराव्याच्या आदल्या दिवशी, अंगणात बसून. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

बुधवारी वहिनींना ताप भरला होता. म्हणून दादा गुरुवारी मंडळींबरोबर पहाटे निघाले नाहीत. ताप उतरल्यावर उशिरा निघाले. गुहेखाली एक ओढा आहे. त्यात लोक स्नान करतात. तापामुळे वहिनींना स्नान नको असे दादाच म्हणाले आणि त्यांनी वहिनींना धाबळी नेसवली. स्नान न करता सोवळे राहायचे तर तोच मार्ग होता. स्वतः ओढ्यात उतरले. ओल्या पंच्याने, वर एक सुती उपरणे घेऊन, रांगेत उभे राहिले. आधी पाऊस आला. वहिनी म्हणाल्या, कोरडे नेसा. दादा म्हणाले, "वज्रेश्वरीला तरी कुठे कोरडा असतो मी?" मग तीन वाजून दहा मिनिटे झाली.

रांग पुढे सरकेना, मागे फिरेना. बर्फ आडवा येत होता. वहिनींनी धाबळी सोडून त्यांच्यावर घालायचा प्रयत्न केला. त्यांनी हात धरला. "तुला ताप आहे," एवढेच म्हणाले. खूप वेळ कुडकुडत होते. मग कुडकुडणे थांबले. वहिनींना बरे वाटले.

कुडकुडणे थांबले म्हणजे काय झाले होते ते मला माहीत होते.

मग दादांनी उपरणे काढून टाकले. पंच्याची गाठ सोडू लागले. वहिनी म्हणाल्या, अहो, काय करताय. ते अगदी समाधानाने म्हणाले, "किती छान ऊन पाणी आहे. ये ना. कुंडात उतरल्यासारखे वाटते आहे."

हेच त्यांचे शेवटचे बोलणे. वहिनी त्यांच्याजवळ आडव्या झाल्या आणि दोघांवर धाबळी ओढली. सकाळी जवानांनी त्यांना बर्फातून उकरले. वहिनींच्या अंगात धुगधुगी होती.

"माझ्या तापामुळे उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"तापामुळे तुम्ही कोरड्या राहिलात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना ते सांत्वन वाटले की आरोप, मला कळले नाही. मी फक्त घडले ते सांगितले होते.

त्यानंतर मी वज्रेश्वरीला गेलो नाही. कारखान्यात मात्र जातच राहिलो, कारण तो माझा व्यवसाय होता. बर्फाच्या लादीच्या कडा काचेसारख्या स्वच्छ असतात आणि मधोमध एक पांढरा पट्टा असतो. पाण्यातली हवा कडेकडून हाकलली जाते आणि शेवटी तिथे अडकते. लादी साच्यातून निघाली की मी त्या पट्ट्यावरून ती नीट जमली की नाही ते पाहत असे. नंतर ते काम मी दुसऱ्याकडे दिले. पांढऱ्यात कधीकधी आकार दिसत. पावसाळ्यात दोरीवर ओला पंचा लोंबताना दिसला, कोणाच्याही घरचा, की मी आजही तिथून लवकर निघतो.

आता बुधवारचे लिहितो. अठ्ठावीस ऑगस्ट.

सकाळी ॲम्ब्युलन्स आळीच्या तोंडाशी आली. पुढे ती जाईना, म्हणून पेटी खांद्यांवर घेऊन आणली. पाऊस चालू होता. पेटीवर मेणकापड होते. पेटी अंगणाच्या पडवीत ठेवली. चालकाने मला बाजूला घेतले.

"दवाई मारी है, सेठ. कल तक कुछ नहीं होता. बरफ का झंझट मत करो."

मग त्याने एक प्लास्टिकची पिशवी दिली. तोंड गाठीने बांधलेले. आत दादांचे घड्याळ आणि त्यांचा पंचा होता. पंचा ओलाच होता. इतक्या दिवसांत तो वाळला नव्हता. वाळायला त्याला हवाच मिळाली नव्हती. मी गाठ पुन्हा बांधली आणि पिशवी कोनाड्यात ठेवली.

तेवढ्यात हातगाडी आली. गावात कोणी गेले आणि नातेवाइकांची वाट पाहायची असली की आमच्या कारखान्यातून लादी जाते. त्यासाठी कोणाला सांगावे लागत नाही. ती तिथली रीत होती आणि मीच ती अनेक घरांसाठी पाळली होती. चाचा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते. पहिल्या पाळीच्या मुकादमाने, साहेबांच्या घरचे काम म्हणून, सर्वांत स्वच्छ लादी निवडून पाठवली होती. भुशात घालून, वर गोणपाट.

"कुठे ठेवू, साहेब?" गाडीवाल्याने विचारले.

"परत ने."

"परत? अहो, नाक्यावर गाड्या अडकल्यात. तिकडं जाईस्तवर निम्मी पाणी होईल."

आळीतले लोक पाहत होते. एक शेजारी म्हणाले, "बर्फवाल्यांच्या घरी बर्फ नको, ही काय तऱ्हा?" दुसऱ्याने त्यांना कोपराने ढोसले. मी म्हणालो, "कोपऱ्यात ठेव. मोरीजवळ. पडवीपासून लांब." त्याने ठेवली. मी तिच्यावर गोणपाट ओढले आणि तिच्याकडे पाठ केली.

गुरुजी आले. आमच्या घरी दोन पिढ्या येणारे. त्यांना मी वहिनींना दिलेला शब्द सांगितला.

"स्नानाशिवाय?" ते म्हणाले. "अहो, हे कसे व्हायचे? घरातला शेवटचा विधी. वहिनीसाहेब दुःखात बोलल्या. त्यांना तुम्ही हो म्हणालात, ठीक केलेत. त्या आत येण्यापूर्वी दोन तांबे घालू, कोरडे पुसू. त्यांना कळणार नाही."

"मला कळेल."

"तुम्हाला शास्त्र नको आहे का?"

"शास्त्रात पाण्याशिवाय स्नान आहे की नाही, एवढे सांगा."

ते पावसाकडे पाहत म्हणाले, "आहे. भस्माचे आहे. गोवऱ्यांचे भस्म, मंत्रून. पण ते आजारी मनुष्याला सांगितले आहे. ज्याला पाणी सोसत नाही त्याला."

"मग त्यांना आजारीच समजा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. दादा आणि ते शाळासोबती होते. त्यांनी उपरण्याने डोळे टिपले आणि म्हणाले, "कोरड्या गोवऱ्या आणा. ऑगस्टात मिळतात का पाहा."

मिळत नव्हत्या. गावात सगळे दमट होते. माझ्या पत्नीला आठवण झाली. राहनाळच्या पुढच्या पाड्यावरची एक बाई आमच्याकडे उन्हाळ्यात गोवऱ्या घालीत असे. मी रिक्षा करून गेलो. ती दारातच बसली होती.

"गोवऱ्या आहेत का?"

"हायेत. पावसात कशाला लागल्या, भाऊ?"

"ओल्या आहेत का?"

"वल्या कशा असतील? माल्यावरच्या हायेत, चुलीच्या धुरात. घरची हायेत, इकाया न्हाय ठेवलेली."

मी कारण सांगितले. ती आत गेली, शिडी चढली आणि पाटीभर गोवऱ्या आपल्या घोंगडीत बांधून घेऊन आली. "मास्तर व्हते ना तुमचं भाऊ? आमच्या पोराला शालेत घेतलेला त्यांनी," ती म्हणाली. "घोंगडी ऱ्हाऊ द्या. गाडीत पानी येतं."

पडवीत गोवऱ्या पेटवल्या. राख होईपर्यंत मी पिशवीतला पंचा काढला, पिळला नाही, आणि निखाऱ्यांवर दोन्ही हातांनी धरून राहिलो. त्यातून वाफ निघत होती. तशी वाफ मी वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर पाहिली होती. मी दुसरीकडे पाहिले. पंचा वाळायला बराच वेळ लागला.

वहिनी दुपारी आल्या. त्यांना कल्याणहून गाडीने आणले. अंगावर रुग्णालयाची शाल आणि तिच्यावर धाबळी. पेटी उघडून दादांना खाली जमिनीवर घेतले होते. कोरडे धोतर नेसवून कपाळाला, छातीला, हातापायांना राख लावलेली होती. चेहरा काळवंडला होता, पण शांत होता. वहिनी त्यांच्या पायांशी बसल्या. धोतराचा काठ दोन बोटांत धरून चुरगळला. मग त्यांनी हात खाली घालून दादांच्या पाठीखालची जमीन चाचपली.

"कोरडे आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"सगळे?"

"सगळे."

तेव्हा त्या रडू लागल्या. माझी पत्नी त्यांना धरून बसली. मी बाहेर आलो. पाऊस थांबला नव्हता, आणि स्मशान कामवारी नदीच्या काठी, बरेच लांब होते.

हे मी लक्षात घेतले नव्हते. आळीतल्या दुसऱ्या घरांतले यंत्रमागांचे कामगार तोपर्यंत दाराशी जमले होते. दादांच्या शिकवण्या त्यांच्यातल्या काहींच्या मुलांना होत्या. मी छपराकडे पाहिले. चाचा त्यांच्यात होते. दुसरी पाळी सोडून आले होते.

"तानपट्टी लाओ रे, कपडे के गोदाम से, बडी वाली," ते म्हणाले. "चार बांबू. और देखो, झोल नहीं पडना चाहिए, झोल में पानी भरता है. भर गया तो सब सर के ऊपर."

"चाचा, ताडपत्री बोलते हैं," कोणीतरी म्हणाले.

"जो बोलते हैं वो लाओ!"

ताडपत्री आली. चार टोकांना चार बांबू, प्रत्येक बांबूला दोन माणसे. ती वर ताणून धरली आणि तिच्याखालून आम्ही दादांना नेले. नाक्यावर ट्रक थांबले. ताडपत्री धरणारे नखशिखान्त भिजत होते. वाऱ्याने एक कोपरा दोनदा खाली आला आणि चाचांनी शिवी देऊन तो वर केला. मधल्या चौकोनात आम्ही कोरडे चालत होतो.

स्मशानात अग्नी मी द्यायचा होता. त्यासाठी मला स्नान करून ओल्या धोतराने उभे राहावे लागले. ते मी केले. माझ्या अंगाबद्दल मी शब्द दिलेला नव्हता. मग पाण्याने भरलेले मडके खांद्यावर घेऊन प्रेताभोवती फिरायचे असते. मडक्याला भोक पाडतात आणि धार पडत राहते. तिथे वहिनी नव्हत्या. गुरुजी म्हणाले, "हे तरी नेहमीसारखे करा." मी केले. पण फेरा रुंद घेतला. चितेवरच्या पत्र्याच्या शेडच्या कडेकडेने चाललो. धार जमिनीवर पडली. चितेच्या लाकडांवर एक शिंतोडा गेला नाही. गुरुजींनी ते पाहिले आणि मंत्र थांबवला नाही.

वाळवलेला पंचा दादांच्या डोक्याखाली ठेवला होता. लाकडे सुकी होती. लगेच पेटली. मी ओल्या धोतराने उभा होतो आणि आगीची ऊब समोरून येत होती. धोतरातून वाफ निघू लागली. त्या क्षणी मला थंडी वाजत नव्हती. अगदी बरे वाटत होते. दादांना काय वाटले असेल ते मला नीट कळले. मी दोन पावले मागे सरकलो आणि अंगाला गारवा लागेपर्यंत तिथे उभा राहिलो.

संध्याकाळी घरी आलो. अजून उजेड होता. स्नान केले, कोरडे कपडे घातले. वहिनींना डॉक्टरांनी झोपेचे औषध दिले होते. धाबळी त्यांच्या अंगावर होती. पाड्यावरच्या बाईची घोंगडी मी परत द्यायला घडी करून ठेवली.

मग अंगणात पाहिले. लादी मोरीजवळ तशीच होती. कडा वितळून गोल झाल्या होत्या आणि लांबी माणसाच्या उंचीइतकी वाटत होती. वहिनींच्या खोलीची खिडकी तिच्यासमोर उघडते. सकाळी त्या उठल्या असत्या तर पहिली तीच दिसली असती. मी आतून बर्फ फोडायचा सुआ आणला, पांढऱ्या पट्ट्यावर मधोमध मारला आणि लादी दुभंगली. अर्ध्यांचे तुकडे केले. तुकडे फावड्याने मोरीत ढकलले. शेवटचा तुकडा जाळीत अडकला, तो पायाने खाली घातला. फरशी कोरड्या गोणपाटाने पुसली, आणि गोणपाट पिळून, खिडकीतून दिसणार नाही अशा बाजूला, वाळत घातले.